कोरडी सही

उवांचा परिच्छेद ठेवायचा की गाळायचा, यावर त्या शनिवारी दुपारी पाऊण तास गेला.

"गाळ," आक्का म्हणाली. ती समोर ढीगभर वाटाणे घेऊन सोलत बसली होती. "साठ उन्हाळे कॅम्प चालवला आपल्या घरानं. त्यात लिहिण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही तुला?"

"आत्या, उवा होत्या ना पण?"

"होत्या. म्हणून काय त्यांना पुस्तकातही जागा द्यायची? डोक्यात दिली तेवढी पुरे."

मास्तरणीनं मदतीसाठी वडिलांकडे पाहिलं. तिचे वडील म्हणजे तिघा भावंडांतले धाकटे आणि मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. त्यांनी चष्मा पुसला आणि रविवारच्या आवाजात सांगितलं, "राहू दे. सत्य लपवू नये, मग ते उवांचं का असेना."

उवा राहिल्या.

कॅम्पच्या जेवणघरात पाच जण बाकांवर बसले होते. बाक आप्पांनी, म्हणजे तिघा भावंडांच्या वडिलांनी, स्वतः केलेले. आप्पा आठवडाभर सुतार आणि रविवारी पाळक असत, आणि दोन्ही कामांत त्यांचं मत एकच होतं, की माणसाला फार आराम दिला तर तो झोपतो. त्या बाकांवर आजवर कुणी झोपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साठावा उन्हाळा सुरू व्हायचा होता. ऐंशी मुलं आधीच येऊन तंबूंत धिंगाणा घालत होती, सकाळी जुनी मुलं आपापल्या नातवंडांना घेऊन येणार होती, आणि मास्तरणीनं लिहिलेला कॅम्पचा इतिहास, 'साठ उन्हाळे', सगळ्यांसमोर वाचला जाणार होता. त्यानंतर मत घ्यायचं होतं टाकीवर.

या टाकीनं वर्षभर घरात दोन तट पाडले होते. पाळकांना बाप्तिस्म्यासाठी सभागृहात टाकी हवी होती. आत फरशी, उतरायला पायऱ्या, धरायला कठडा, पाणी कोमट. वहिनी, दादांच्या पत्नी, त्यांच्या बाजूला, कारण त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या आणि दर उन्हाळ्यात तळ्यातल्या बाप्तिस्म्यानंतरची सर्दी-पडशी त्यांच्याच वाट्याला यायची. दादांचा, म्हणजे थोरल्या भावाचा आणि कॅम्पच्या प्रमुखांचा, टाकीला कडवा विरोध. आक्का दादांच्या बाजूला, कारण ती दोन वर्षांची असल्यापासून दादांच्याच बाजूला होती आणि आता एकोणसत्तराव्या वर्षी उगाच बदल कशाला. मास्तरीण मध्ये राहिली होती. त्यामुळे तिला दोन्हीकडे चहा मिळत असे.

"कोमट पाण्यात माणूस बदलतो होय?" दादा आताही म्हणाले. "कोमट पाण्यात बटाटासुद्धा बदलत नाही. पाणी असं पाहिजे, की आत जाणारा एक असावा आणि बाहेर येणारा दुसरा."

"बाहेर येणारा शिंकत असतो," वहिनी म्हणाल्या.

दादा एकाहत्तर वर्षांचे, टक्कल चकचकीत, गळ्यात पितळी शिट्टी. मुलं त्यांना शिट्टीकाका म्हणत. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे जेवण. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं टाकून तळ्यावर धावा, कुणीतरी बुडतंय. लांब शिट्टी साठ वर्षांत एकदाही खरी वाजली नव्हती, पण पहिल्याच संध्याकाळी तिची तालीम व्हायची. यंदाचीही कालच झाली होती.

मास्तरीण पुढे वाचू लागली. "तिसऱ्या उन्हाळ्यात उवांमुळे आप्पांनी एका दुपारी सर्व मुलामुलींची डोकी भादरली. त्याच आठवड्यात तळ्यातला पहिला बाप्तिस्मा झाला. अकरा जणांनी तो घेतला. आप्पांचा नियम असा की पाण्यातून वर आलेल्यानं टॉवेल घेण्याआधी, ओल्या हातानं वहीत सही करायची. ती पद्धत आजही आहे. सगळे झाले की आप्पा पाण्यातच उभे राहून विचारत, 'अजून कुणी आहे?' आणि बराच वेळ थांबत."

"बराच म्हणजे केवढा," वहिनी म्हणाल्या. "शंभर मोजून व्हायचे. मी मोजलेत. तेवढ्यात तिघं आजारी पडायची."

"वही आणलीय मी." मास्तरणीनं पत्र्याच्या डब्यातून ती काढली. पानं ओली होऊन वाळलेली, पापडासारखी वाकडी. ती दिवसाला चाळीस वह्या तपासणारी बाई. कुणी कुणाचं उतरवलंय ते तिला लांबून कळायचं, आणि कळलं की तिला गप्प बसवत नसे. "काका, एक विचारायचं होतं. या पहिल्या अकरा सह्यांतल्या दहा पसरल्यात. शाई ओघळलीय. तुमची तेवढी एकदम स्वच्छ आहे."

दादांनी आक्काकडे पाहिलं. आक्कानं वाटाण्यांकडे पाहिलं.

"माझे हात लवकर वाळतात," दादा म्हणाले.

"तुमचे?" वहिनींनी विणकाम खाली ठेवलं. "आंघोळीनंतर अर्ध्या तासानं वर्तमानपत्र ओलं करता तुम्ही."

दादा उठले. पंप बघून येतो म्हणाले आणि गेले. पंप गुरुवारपासून बंद होता, आणि तो बंद असल्याचं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

पाळकांना शंका आली. ते आक्काच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. आक्कानं वाटाणे पातेल्यात ओतले, झाकण ठेवलं, काढलं, परत ठेवलं.

"आक्का, दादाचा बाप्तिस्मा झालाय ना?"

"तू पाहिलास म्हणतोस ना. मग मला काय विचारतोस?"

"पाहिलाच. सहा वर्षांचा होतो मी. सगळ्यात शेवटी दादा गेला. पाण्यातून वर आला, तोंडावर ऊन होतं, आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच क्षणी मी ठरवलं, आपणही प्रभूचं काम करायचं. तीस वर्षं ही साक्ष देतोय मी. लोक रडतात ऐकून."

"रडतात खरं," आक्का म्हणाली. "मीही रडते. पण हसलेली ती मी होते रे."

पाळक पिठाच्या डब्यावर बसले.

आक्कानं मग सगळं सांगितलं, आणि सांगताना ओटा तीनदा पुसला. ती चौथी होती. बुडाली, वर आली, सही केली. मागे वळून बघते तर दादा रांगेतून नाहीसा. पंपघराच्या मागे बसला होता, अंगातल्या झग्यापेक्षा पांढरा. येत नाही म्हणाला. काही केल्या येत नाही म्हणाला. तिकडे आप्पा पाण्यात उभे, आता मोठ्याचीच पाळी. "सगळ्यांचे झगे सारखे, सगळ्यांची डोकी सारखी, आणि आप्पांचा चष्मा काठावर. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. आप्पांनी विचारलं, विश्वास ठेवतोस? मी जाड आवाजात हो म्हटलं. सही तेवढी दादानं मागाहून येऊन केली, कोरड्या हातानं."

"आणि आप्पांना कळलं नाही?"

"चौदा वर्षांचा मुलगा. त्यांना वाटलं आवाज फुटला."

"अगं, पण दुसऱ्याच्या नावानं बाप्तिस्मा होत नाही," पाळकांचा आवाज चढला. "ज्याचा त्यानं घ्यायचा, आपल्या तोंडानं हो म्हणून घ्यायचा. आपल्या मंडळीची सगळी ओळखच ती आहे. लहान बाळाचासुद्धा आपण करत नाही, आणि तू दादाचा करून आलीस?"

"बारा वर्षांची होते मी. आम्ही दोघं होतो, दोनदा बुडून झालं. मला वाटलं भागलं."

दारात वहिनी उभ्या होत्या. किती वेळ, ते कुणालाच कळलं नव्हतं. "लग्नाआधी माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा बाप्तिस्मा घेतलेला आहे ना? मी छातीठोकपणे हो म्हणाले," त्या शांतपणे म्हणाल्या. नर्सबाई शांत झाल्या की वॉर्डातले डॉक्टरसुद्धा भिंतीला टेकत, असं म्हणत. "त्याचंही एक वेळ सोडा. चव्वेचाळीस वर्षं मला ऐकवतायत, गार पाण्याला काय घाबरतेस, आम्ही नाही का गेलो."

पाळकांच्या डोळ्यांसमोर जेवणघरातली पाटी आली. आप्पांनी तापलेल्या सळईनं लाकडात कोरलेली: तळ्यात बुडून वर येईल त्याच्याच गळ्यात शिट्टी. बाप्तिस्मा नाही तर प्रमुखपद नाही, इतका साधा नियम. एकतीस वर्षं दादा त्या पाटीखाली उभे राहून मुलांना शिस्त लावत आले होते. उद्या पुस्तक वाचलं जाणार. दादा कॅम्पशिवाय काय करतील, हे पाळकांना दिसेना. घरी ते खिडकीतसुद्धा नीट बसू शकत नसत.

"ते पान गाळलं तर?" पाळक हळूच म्हणाले.

"वा," आक्का म्हणाली. "उवा गाळायला नको होत्या ना तुला?"

"तो मुद्दा वेगळा होता."

"मुद्दा तोच आहे, डोकं वेगळं आहे. आणि मीच ते पान काढा म्हणणार होते, पण तू म्हणालास म्हणून आता मला नको वाटतंय."

वहिनी कपाटाकडे गेल्या आणि घोंगड्या मोजू लागल्या.

पंपघरामागे दादा उलट्या होडीवर बसले होते. पुतणी येताना दिसली तेव्हा त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. सत्तावन्न वर्षं एक दगड बुटात घेऊन चालावं आणि अखेर कुणीतरी विचारावं, लंगडता का, तसं काहीसं त्यांना वाटलं.

"बस," ते म्हणाले. "कॅम्प नव्हता तेव्हा आप्पा इथं लाकूड भिजत घालायला यायचे. मी नऊ वर्षांचा होतो. ओंडक्यावरून पाय घसरला, आत गेलो, पाय गाळात रुतले. वर हिरवं पाणी दिसत होतं आणि त्यात आक्काचा हात. तिनं केस धरून ओढलं मला. सात वर्षांची होती."

"मग काका, बाप्तिस्म्याच्या दिवशी?"

दादांनी टकलावरून हात फिरवला. "त्या आठवड्यात डोकी भादरली होती ना. रांगेत उभा राहिलो आणि लक्षात आलं, डोक्यावर केस नाहीत. परत गेलो खाली तर आक्का धरणार कशाला? हसू नकोस."

"नाही हसत," मास्तरीण म्हणाली आणि थोडा वेळ तळ्याकडे तोंड करून बसली.

"पुढल्या वर्षी नक्की, असं ठरवलं. केस आले, पण धीर नाही आला. पुढल्या वर्षी आप्पांनी माझ्या हातात दोर दिला. पोरं आत उतरताना धरायचा. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, त्याच्या वर नाही. तेवढं मला जमायचं. मग शिट्टी आली. मग कुणाला सांगणार? तीन हजार पोरांना मी सांगितलं, पाण्याला घाबरायचं नसतं. आणि घाबरणारं पोर बरोबर माझ्याकडेच यायचं. मला कळायचं ना त्याला काय होतंय ते." त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि तिच्या हातात दिली. "खरं ते लिही. उद्या वाचून दाखव. मी सकाळच्या बसनं जाईन."

मास्तरणीनं शिट्टी घेतली आणि बदल्यात वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "मघाशी तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं नाहीत. समासात बघा. आप्पांनी नंतर चष्मा लावून प्रत्येक सहीपुढे पेन्सिलीनं खूण केलीय. बारीक बरोबरची खूण."

दादांनी वही डोळ्यांपासून लांब धरली. खुणा पुसट होत्या. पहिल्या सहीपुढे एक, दुसरीपुढे एक, तिसरीपुढे एक. आक्काच्या सहीपुढे दोन होत्या. शेवटची त्यांची सही. तिच्यापुढे काहीच नव्हतं.

त्यांनी बोट त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. मागे मुलं कशावरून तरी भांडत होती, कुणाची तरी उशी पळवली होती. आप्पा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. रोज एका टेबलावर जेवले. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. माणसाला ढकलायचं नाही, ज्याचं त्यानं उतरायचं, असं ते म्हणत, आणि दादांना वाटायचं ते इतरांबद्दल आहे.

"दर वर्षी," दादा म्हणाले. "दर वर्षी शेवटी ते विचारायचे, अजून कुणी आहे? आणि थांबायचे. मी दोर धरून दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो. मला वाटायचं, हा म्हातारा कुणाची वाट बघतोय एवढी?"

ते रडले. मास्तरणीनं आपल्या इतिहासात हे लिहिलं नाही, पण इथं सांगायला हरकत नाही, की ते बराच वेळ रडले आणि मग त्यांनी त्याच वहीच्या वेष्टनाला नाक पुसलं.

रविवारी सकाळी सहाला पाच जण तळ्यावर गेले. दादांची अट होती की घरच्यांशिवाय कुणी नको. पाळक झगा घालून कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. काठावर टेबल, टेबलावर वही, वहीला दोऱ्यानं बांधलेला टाक. वहिनींनी चार घोंगड्या, गरम पाण्याची पिशवी आणि थर्मामीटर आणलं होतं.

दादा घोट्याइतक्या पाण्यात उतरले आणि थांबले. "थंड आहे," ते म्हणाले.

"आत जाणारा एक आणि बाहेर येणारा दुसरा," वहिनी म्हणाल्या. "व्हा पुढे."

मग गुडघे, मग कंबर. तिथवर दादांचे पाय सरावानं आले. पुढल्या पावलाला ते अडले. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि ते थंडीनं नव्हे, हे चौघांनाही समजलं. तेवढ्यात मागून पाणी खळखळलं. आक्का एप्रनसकट आत आली होती.

"तू कशाला? तुझं दोनदा झालंय," पाळक म्हणाले.

"मी धरायला आलेय."

"आक्का," दादा हळू म्हणाले, "केस आताही नाहीत गं."

"दिसतंय मला." तिनं त्यांचा उजवा कान पकडला, चांगला पिळून पकडला. "कान आहे. सोडायची नाही मी. जा."

"तोंड मिटलेलं राहू दे, पाणी जाईल!" काठावरून वहिनींनी सूचना केली, आणि मास्तरणीच्या हातातली शिट्टी घेऊन, साडी कमरेपर्यंत भिजवत पुढे जाऊन, ती दादांच्या दातांत दिली. "ही घट्ट धरा," म्हणून त्या काठावर परतल्या.

पाळकांनी घसा साफ केला. समोर काठावर दोन बायका आणि एक वही, एवढीच मंडळी. तरी त्यांनी आप्पांसारखंच मोठ्यानं विचारलं, "अजून कुणी आहे?"

शिट्टी बारीक वाजली.

"दादा, ती काढून बोल."

दादांनी शिट्टी काढली. "आहे," ते म्हणाले. "मी आहे."

"प्रभूवर विश्वास ठेवतोस?"

"प्रभूवर ठेवतो. या तळ्यावर नाही. बुडव आता, नाहीतर मी पळेन."

शिट्टी परत दातांत गेली. पाळकांनी एक हात पाठीला लावला, एक छातीला, आणि दादांना मागे झुकवलं. पाणी कानाला लागताच दादांनी छातीतला होता नव्हता तेवढा सगळा श्वास एकदम सोडला. एक लांब, अखंड, पितळी शिट्टी तळ्यावरून तंबूंपर्यंत गेली आणि पाण्याखाली बुडबुडत संपली.

दादा वर आले. डोळे गच्च मिटलेले, कान आक्काच्या हातात. आधी ते खोकले. मग त्यांनी एक डोळा उघडला.

काठावर ऐंशी मुलं उभी होती. काही अर्ध्या कपड्यांत, काही एकाच चपलेत, पण तालमीत शिकवल्याप्रमाणे क्रमांकानं, रांगेत. शिस्त अशी की दादांना त्याही अवस्थेत बरं वाटलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तोंडातला टूथब्रश काढला.

"शिट्टीकाका, कोण बुडालं?"

"मी," दादा म्हणाले.

मुलीनं विचार केला. "मग आता बरे आहात ना?"

"हो गं," दादा म्हणाले. "आता बरा आहे."

कुणी आधी सुरुवात केली ते कळलं नाही, पण टाळ्या वाजल्या, आणि पाळकांनी झग्याच्या ओल्या बाहीनं डोळे पुसले, ज्याचा काहीच उपयोग झाला नाही. वहिनी टॉवेल पसरून पुढे झाल्या. दादांनी तो बाजूला केला. "आधी सही."

त्यांनी टाक उचलला. पहिल्या पानावर, त्या स्वच्छ सहीच्या खाली, त्यांनी परत सही केली. बोटांवरून पाणी ओघळलं, शाई पसरली, आणि बघता बघता नावाचा निळा डाग झाला. त्यात कुणालाही काही वाचता आलं नसतं. मास्तरणीनं पेन्सिल वडिलांकडे दिली. पाळकांनी चष्मा लावला आणि समासात बारीक खूण केली.

मग दादा चार घोंगड्यांत बसले. पिशवी पोटाशी, थर्मामीटर काखेत, गळ्यात शिट्टी. दात इतके वाजत होते की बोलायला त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली.

"धाकट्या," ते म्हणाले, "ती टाकी."

"काय टाकीचं?"

"बांध. पाणी गरम ठेव."

पाळक आ वासून बघत राहिले. वहिनींनी वर आकाशाकडे पाहून मान हलवली. आक्का मात्र एप्रन पिळत होती, ती थांबली. तिनं आधी दादांकडे पाहिलं, मग पाळकांकडे, मग वहीतल्या आपल्या दोन खुणांकडे.

"मी दोनदा गेले याच पाण्यात," ती म्हणाली, "तेव्हा नाही ती कुणाला टाकी सुचली."

आणि ती वाटाणे चढवायला निघून गेली.